पेट-ईथरची वाटी

आमच्या घरात बाबांच्या अंगाला शेवाळाचा वास यायचा आणि मायच्या अंगाला पेट्रोलियम ईथरचा. बाबा सौंसरच्या नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. हातात लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचे आणि गावाला पाणी पाजून परत यायचे. माय कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. परिचर हा शब्द नेमणुकीच्या कागदावर होता. प्रत्यक्षात सगळी विद्वान माणसं जे सांडून, फोडून आणि खरकटं करून जातील ते निस्तरणं, हे तिचं काम. दोघं संध्याकाळी घरी आली की बाबा अंगणात पाय धुवायचे आणि माय हातांना जवसाचं तेल चोळत बसायची. पेट-ईथर कातडीतलं सगळं तेल ओढून घेतं. तिचे हात नेहमी पांढुरके आणि भेगाळलेले असायचे, आणि मिरच्यांचा ठेचा कुटायचा झाला की भेगांमधून आग व्हायची. म्हणून ठेचा बाबा कुटायचे. शेजारच्या बायका हसायच्या. बाबा त्यांना सांगायचे की आमच्या घरात मोठ्या पगाराचं माणूस तिखटाला हात लावत नाही.

माय सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून उचलली होती, त्यामुळे तिला ‘बी’ म्हणजे बेंझीन आणि ‘टी’ म्हणजे टोल्युइन एवढंच ठाऊक. बॉल आणि टायगरशी तिची ओळख नव्हती. पण कुठलं रसायन कसं वागतं हे तिला सोयरिकीतल्या माणसांसारखं पाठ होतं. कोण तापट, कोण आतल्या गाठीचं, कोणाला ओलावा सोसत नाही. पेट-ईथरवर तिचा विशेष अविश्वास. मुळात ते ईथर नाहीच. पेट्रोलच्या घराण्यातलं, नुसत्या कार्बन-हायड्रोजनचं, हलकं द्रव आहे. गावात काही लोक स्वतःला पाटील म्हणवून घेतात आणि गावाने त्यांना कधीच पाटील केलेलं नसतं, तसं याने ईथर हे नाव लावून घेतलंय. बाटलीवर चाळीस ते साठ अंश लिहिलेलं असायचं. म्हणजे तेवढ्यात ते उकळतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा तिथवर जातो, आणि बूच काढताना आतून कोणी ढकलल्यासारखं वर यायचं.

संध्याकाळी भाकरी थापताना माय मला हे सगळं सांगायची. मी तेव्हा शाळेत होते आणि मला ते भाकरीइतकंच नेहमीचं वाटायचं. “पाण्यावानी दिसते, पण पाणी नाई,” ती म्हणायची. “पाण्यावर तरंगते. म्हून पेटलं तर पाणी टाकाचं नाई, रेती टाकाची. आन् त्याची वाफ वर नाई जात. खाली बसते, मांजरावानी टेबलावरून चालत जाते, आन् चूल कुठं हाये ते बरोबर शोधते.” पुढे मी पांढुर्ण्याच्या शाळेत वीस-बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. वाफेची घनता, ज्वलनबिंदू, सगळं फळ्यावर लिहिलं. त्या मांजरापेक्षा बरं काही मला सांगता आलं नाही. मुलांना मी मांजरच सांगत आले, फक्त परीक्षेत लिहू नका म्हणायची.

मी बी. एस्सी.ला त्याच कॉलेजात गेले, कारण दुसरं कॉलेज परवडणारं नव्हतं आणि हे पायी जाण्यासारखं होतं. आता एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना मला या वयातही खुर्चीत नीट बसवत नाही. कॉलेजात मी मायला ‘बाई’ म्हणायची. सगळे तिला शेवंताबाई म्हणत, तशी मीही. सकाळी आम्ही एका डब्यातली भाजी दोन डब्यांत वाटायचो, रस्त्याने बरोबर चालायचो, आणि फाटकाच्या अलीकडे, पानठेल्यापाशी, माझी चप्पल निसटल्यासारखी व्हायची. मी थांबायची. ती पुढे जायची. असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्या वर्गातल्या मुली लोधीखेड्याहून बसने यायच्या, त्यांच्या घरी संत्र्याचे बगीचे होते, आणि त्यांच्या चंचुपात्रांना लागलेला मेणचटपणा माझी माय घासायची. मला त्याची लाज वाटायची. आज मला त्या लाजेची लाज वाटते, पण तेव्हा तर पहिलीच होती आणि ती पुरेशी होती.

विभागाच्या प्रमुखांचं नाव मी लिहीत नाही. आम्ही त्यांना फॉर्म्युला सर म्हणायचो. गोरेपान, केसांना चपचपीत तेल, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर म्हणून ते आधी फळ्यावर एक सूत्र लिहायचे. प्रश्न विचारणारा सूत्र उतरवेपर्यंत तास संपायचा. आमचं गाव मराठी पण राज्य हिंदी, तेव्हा ते हिंदी बोलायचे; आमचं मराठी त्यांना कळायचं पण कळल्याचं ते दाखवत नसत. माणूस दुष्ट नव्हता. तो फक्त कधी चुकला नव्हता, म्हणजे त्याच्या मते.

त्या हिवाळ्यात कॉलेजला प्रयोगशाळेची नवी खोली मिळाली आणि तिचं उद्घाटन ठरलं. वरच्या ऑफिसातले कोणी साहेब येणार होते. फॉर्म्युला सरांनी ठरवलं की पाहुण्यांना आपल्या भागातला प्रयोग दाखवायचा: सरकीतून पेट-ईथरने तेल काढून दाखवायचं. समजावून सांगायला माझी निवड झाली. माझं हिंदी स्पष्ट होतं, आणि बाकीच्या मुलींनी नाही म्हटलं होतं. घरी बाबांनी मला आरशासमोर उभं करून तीनदा भाषण म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं की यात तेल कुठं आलं ते त्यांना काही समजलं नाही. मामीने तिगावहून तिची निळी नायलॉनची साडी पाठवली. माय तिच्याकडे पाहून म्हणाली की प्रयोगशाळेत सुती नेसावं, नायलॉन पेटलं तर जळत नाही, वितळून चिकटतं. मी म्हटलं की मी भाषण करायला चालले आहे, पेटायला नाही. अशी बोलायची मी.

त्या दिवशी सकाळी मायने सांबारवडी केली होती, म्हणजे कोथिंबिरीची. गरम, खमंग, तेलाने निथळणारी. मी साडी नेसूनच खायला बसले आणि पदरावर पिवळा, तेलकट, रुपयाएवढा डाग पडला. कॉलेजात पोचेपर्यंत तो डाग माझ्या मनात ताटाएवढा झाला होता. नव्या खोलीत कोणी नव्हतं. लांब टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, एका टोकाला ताटलीत समई, दुसऱ्या टोकाला आमच्या प्रयोगाची काच आणि मागे पुठ्ठ्याचा उभा फलक: ‘सरकी से तेल’. टेबलाखाली पेट-ईथरची मोठी बाटली. तेलाचा डाग काढायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी एका पसरट काचेच्या वाटीत ते ओतलं. थोडं पुरलं असतं, पण हात घाईत होता, वाटी जवळजवळ भरली. कापसाने डाग टिपला. बोटं गार पडली, डोकं किंचित हलकं झालं, आणि डाग खरंच गेला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मी बाटलीचं बूच लावलं, भरलेली वाटी आणि कापूस फलकामागे सरकवला आणि हार मोजत असल्यासारखी उभी राहिले. नंतर काढू, असं मनाशी म्हटलं. मग मुली आल्या, रांगोळी आली, सर आले. नंतर ती वाटी माझ्या डोक्यातून साफ उडून गेली. वाटीतलंही सावकाश उडत होतं.

समईची ज्योत विझू नये म्हणून सरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि पंखा बंद ठेवला होता. तासाभराने माय खुर्च्या पुसायला आत आली आणि दारातच थांबली. तिने नाक वर केलं. मग ती टेबलाकडे गेली, खालची मोठी बाटली उचलली, काखेत मारून बाहेर व्हरांड्याच्या पार टोकाला ठेवून आली, आणि सरांसमोर उभी राहिली. मी चार पावलांवर होते. ती हळू आवाजात म्हणाली की खोलीत पेट-ईथर सुटलं आहे, खिडक्या उघडा, आणि आत्ता काडी ओढू नका.

सर म्हणाले की बाटलीला बूच आहे, त्यांनी स्वतः पाहिलं आहे. माय म्हणाली, बूच असेल, पण वास आहे. सरांनी घड्याळ पाहिलं. मग ते हसले, आजूबाजूच्या दोघा-तिघांनाही ऐकू जाईल असे, आणि म्हणाले, “शेवंताबाई, आप लोगों को दीये से तकलीफ़ है तो बाहर खड़ी रहिए. शुभ काम में टोकिए मत.”

आप लोगों, म्हणजे आम्ही. बौद्ध. दोन जण हसले. एक जण हसला नाही, पण त्याने जमिनीकडे पाहिलं.

मायचा चेहरा बदलला नाही. “सर, आमच्या घरी रोज वंदनेला मेणबत्ती लागते,” ती म्हणाली. “दिव्याशी माहं काई वाकडं नाई. वाफेशी हाये.”

आणि मला त्या क्षणी वाटी आठवली. ‘सर, फलकामागे उघडी वाटी आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पाहुणे आले, सर पळाले, आणि मी टेबलावरचे हार उचलून घेतले. मी स्वतःला सांगितलं की एवढ्याशा वाटीने काय होतं. आजही कोणी ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणालं की मी उठून खोलीबाहेर जाते, मग ते जावई का असेनात.

माय बाहेर गेली ती रेतीची बादली शोधायला. बादली कुरूप दिसते म्हणून कोणीतरी ती जिन्याखाली लपवली होती आणि तिच्यात पानाच्या पिचकाऱ्या पडलेल्या होत्या. ती बादली आणि एक ओलं पोतं घेऊन ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पाहुणे आत आले. स्वागतगीत झालं. साहेबांनी काडी ओढली, पहिली वात लावली. काही झालं नाही. दुसरी लावली. टाळ्या. मग त्यांनी सभ्य माणसासारखी ती जळती काडी समईखालच्या ताटलीत टाकली.

स्फोट झाला नाही. फक्त ‘भप्’ असा आवाज आला, आणि एक निळसर, पातळ ज्योत चादरीवरून, फुलांच्या मधून, थेट फलकाकडे पळत गेली. इतकी झटपट, की टाळ्या अजून चालू होत्या. ‘सरकी से तेल’ पेटलं. साहेब ज्या वेगाने मागे गेले त्या वेगाने फाइली हलल्या असत्या तर आमचा भाग कुठल्या कुठे गेला असता. फॉर्म्युला सरांनी मात्र पळ काढला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा जग उचलला आणि पेटत्या वाटीत रिकामा केला. वाटी भरून वाहिली, जळतं ईथर पाण्यावर स्वार होऊन टेबलाच्या काठावरून खाली आलं, आणि काठाशी मी उभी होते. निऱ्यांच्या खालच्या टोकाला ज्योत लागली. मी पाहिलं की निळं कापड आकसतंय, काळे थेंब होतायत, आणि मी ओरडले.

मी “माय” म्हणून ओरडले. अख्ख्या कॉलेजसमोर, भसाड्या आवाजात, दोनदा.

ती आधीच निघालेली होती. तिने मला पोत्यात गुंडाळून आडवं पाडलं, माझ्या पायांवर स्वतः बसली, हातांनी दाबून दाबून ज्योत मारली. मग उठली आणि ती पिचकाऱ्यांची रेती आधी वाटीवर, मग जमिनीवर, मग उरलेली चादरीवर ओतली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. माझ्या डाव्या घोट्यावर तळहाताएवढं भाजलं. तिचा उजवा हात मनगटापर्यंत फोडांनी भरला. व्हरांड्याच्या टोकाला अडीच लिटरची बाटली उन्हात शांत उभी होती. ती टेबलाखाली असती तर हे प्रकरण लिहायला मी नसते.

सरकारी दवाखान्यातून आम्ही दुपारी घरी आलो. बाबांनी वरण-भात केला आणि मायला भरवला. तिला डाव्या हाताने खाता येत होतं, पण बाबा ऐकेनात. संध्याकाळी कॉलेजचा बाबू एक टाइप केलेला कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की परिचर शेवंताबाई यांनी निष्काळजीपणाने विद्रावकाचं भांडं उघडं ठेवलं. दीपप्रज्वलनाला त्यांचा आधीपासून विरोध होता, आणि कार्यक्रमापूर्वी त्यांना विद्रावकाची बाटली घेऊन जाताना पाहिलेलं आहे. खाली सहीची जागा. म्हणजे तिने बाटली बाहेर नेऊन सगळ्यांचा जीव वाचवला, तोच पुरावा झाला होता. बाबूने मान खाली घालून सांगितलं की सही केली तर नुसती समज देतील, नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत नोकरी जाते. माय म्हणाली की हात भाजला आहे, सही उद्या.

बाबू गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी म्हटलं की वाटी मी ठेवली होती.

“मले मालूम हाये,” माय म्हणाली. “रेतीखाली कापूस अर्धा उरला होता, त्याले हळद होती. सांबारवडीची.”

“मग तू बोलली काऊन नाई?”

“तुह्या तोंडात जीभ हाये का नाई, ते पाहून राहिली होती.”

माझ्या आयुष्यात मला दोन-तीन थपडा बसल्या आहेत, त्यांतली एकही इतकी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत मायच्या बरोबर प्राचार्यांच्या खोलीत गेले. फॉर्म्युला सर तिथे बसलेच होते. मी उभ्यानेच सांगितलं: साडीवरचा डाग, वाटी, फलक, सगळं. सर माझ्याकडे झुकून मवाळपणे म्हणाले की बेटी, आईसाठी खोटं बोलू नये, तुझं वर्ष जाईल. त्यांना खरंच वाटलं की मी त्याग करते आहे. मी म्हटलं की रेतीखाली उरलेल्या कापसाला हळद आहे, माझ्या घरच्या वडीची, हवं तर वास घ्या. मग मला थांबताच येईना. मायने किती वाजता सांगितलं, काय सांगितलं, आणि त्यावर सर काय म्हणाले, ते मी जसंच्या तसं, त्यांच्याच हिंदीत, त्यांच्याच चालीत म्हणून दाखवलं. भाषण पाठ करायची सवय कामी आली. दारात बाबू उभा होता. जमिनीकडे पाहणारा माणूस तोच होता. प्राचार्यांनी त्याला विचारलं, हे खरं का. त्याने आधी सरांकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, झालं, गेलं सगळं. मग तो म्हणाला, “खरं हाये, साहेब. मीबी ऐकलं.”

प्राचार्यांनी तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि आपल्याच टोपलीत टाकले. मला प्रात्यक्षिकांना बसायची बंदी झाली, म्हणजे वर्ष गेलं. ते बरोबरच होतं. फॉर्म्युला सरांचं काही झालं नाही. ते यथावकाश शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. पण प्राचार्यांनी एक लेखी आदेश काढला: दर जुलैत नव्या मुलांना ज्वालाग्राही द्रवांची माहिती शेवंताबाई देतील आणि विभागप्रमुख त्या वेळी हजर राहतील. हजर राहतील, या दोन शब्दांसाठी मी त्या प्राचार्यांना अजून मानते.

पुढच्या जुलैत मी जुनी मुलगी म्हणून नव्या बॅचमध्ये बसले. सर कोपऱ्यात खुर्चीवर. मायच्या उजव्या हाताची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. तिने पत्र्याची एक लांब पन्हळ तिरपी उभी केली, खालच्या टोकाला स्पिरिटचा दिवा लावला, आणि म्हणाली की आता वरच्या टोकाला पेट-ईथरचे चार थेंब टाकलेला कापूस ठेवायचा. तिने वर्गावर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

“तू ये. तुले अनुभव हाये.”

सगळे हसले, काही कारण माहीत असलेले आणि काही नसलेले. मी कापूस ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालची ज्योत पन्हळीतून सरसर वर चढली आणि कापूस पेटला. पुढच्या बाकावरची पोरं मागच्या बाकावर गेली. मायने रेती टाकली. मागच्या वर्षी काय झालं तेही तिने सांगितलं, नाव न घेता. एका मुलाने विचारलं की ती वाटी ठेवणारी पोरगी, तिला कॉलेजातून काढलं का?

“नाई काढलं,” माय म्हणाली. “नापास झाली. यंदा होईन पास.”

आणि तिने पन्हळ पुसायला घेतली.